छत्रीवाला डायनासोर आणि आमचा कातळवेच्या

आषाढातली गोष्ट. पाऊस असा लागला होता की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, एवढाच विषय गावात चालू होता. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. माझ्या शेडमध्ये फायबर वाळत नव्हतं, रंग वाळत नव्हता, मी नुसता चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात एका मंडळाची चार पोरं भिजत आली. अध्यक्ष म्हणून पुढं केलेला पोरगा जेमतेम चोवीसचा. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"दादा, औंदा ह्यो करायचा."

स्क्रीनवर 'ज्युरासिक पार्क'मधला तो छोटा डायनासोर. रात्र, पाऊस, चिखलात अडकलेली जीप, तो जाडा कॉम्प्युटरवाला आणि त्याच्यासमोर कुत्र्याच्या पिल्लासारखा मान वाकडी करून बघणारा प्राणी. मग गळ्याभोवती छत्री उघडते आणि तोंडावर विषाची पिचकारी.

"छत्री उघडली पायजे बघा. आणि पब्लिकवर फवारा. विष नको, सण हाय. गुलाबपाणी मारूया."

गुलाबपाणी मारणारा डायनासोर. हो म्हणालो. आषाढात आलेल्या ऑर्डरीला नाही म्हणायची माझी ऐपत नाही.

हा डायनासोर माझ्या जुन्या ओळखीचा. १९९४ साली हा सिनेमा हिंदीत बोलत आपल्याकडं आला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आमचे अण्णा बॅनर पेंटर. टॉकीजवाल्यानं वर्तमानपत्रातली एक जाहिरात त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, पंधरा फुटी पाहिजे, परवा. अण्णांनी जाहिरातीवर पेन्सिलीनं चौकोन पाडले, कापडावर खडूनं चौकोन पाडले आणि मग बराच वेळ नुसते बघत बसले. जाहिरातीत हाडांचा सापळा होता, कातडी नव्हती. शेवटी म्हणाले, "घोरपडीचं अंग घालूया ह्याला." आणि घातलं. गळ्याखाली लोंबणारी सैल कातडी, काखेतल्या वळ्या, सगळं घोरपडीचं. बॅनर लागला तेव्हा शेजारचे एक काका म्हणाले होते, "पेंटर, मगर झाक काढलीसा."

सिनेमा बघताना मोठ्या डायनासोरला मी घाबरलो नाही. तो मोठा आहे, हे बॅनरवरच कळलं होतं. घाबरलो ते या छोट्याला. हा आधी खेळतो, मग मारतो. त्या रात्री संडासला एकटा गेलो नाही, अंगणाच्या पलीकडं होता आमचा.

आता कामाचं बोलतो. नुसता नक्कल करून द्यायचा तर चार दिवसांचं काम होतं. पण दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे तो गळ्याभोवती छत्री उघडणारा प्राणी हे त्या सिनेमावाल्यांचं चित्र आहे. मंडळाचा देखावा म्हणून कोण विचारायला येणार, असं सगळे म्हणतात. मला मात्र बॅनरवर स्वतःचं नाव टाकायची सवय आहे, आणि दुसऱ्याच्या चित्राखाली सही करताना हात जड होतो. दुसरी गोष्ट म्हणजे माझी भाची. प्राणिशास्त्र शिकते, सुट्टीत शेडवर येऊन बसते आणि जिभेला हाड नाही. तिनं मोबाईलवरचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हा डायनासोर नाहीच. छत्री लावलेला कुत्रा आहे."

मग तिनं सांगितलं ते असं. सिनेमातल्या या प्राण्याचं नाव डायलोफोसॉरस, आणि तो खरा होता. अमेरिकेत ॲरिझोनात सापडला, हाडं १९४२ साली उकरून काढली. आधी दुसऱ्याच नावाखाली गेला, डोक्यावर दोन तुरे आहेत हे १९६४ साली सापडलेल्या दुसऱ्या सापळ्यावरून कळलं, आणि १९७० मध्ये 'दोन तुऱ्यांचा सरडा' अशा अर्थाचं आताचं नाव मिळालं. लांबी वीस फुटांच्या वर. म्हणजे माझ्या शेडमध्ये शेपूट मावली नसती. गळ्याभोवतीच्या छत्रीचा हाडांत कसलाही पुरावा नाही. विषाचाही नाही. विष आलं ते १९९० च्या मूळ कादंबरीतून, छत्री सिनेमावाल्यांनी चढवली. छत्री ऑस्ट्रेलियातल्या एका सरड्याची, तो खरंच चिडला की गळ्याभोवतीची कातडी अशी उघडतो. थुंकण्याची कल्पना थुंकणाऱ्या नागाची.

हे ऐकून मला राग येण्याऐवजी बरंच वाटलं. म्हणजे त्यांनीही अण्णांनी केलं तेच केलं होतं. अण्णांनी घोरपड घेतली, त्यांनी ऑस्ट्रेलियाचा सरडा घेतला. प्राणी डोक्यातून येत नाही, कुठल्यातरी जिवंत जनावराच्या अंगावरून येतो.

तरी पहिला आठवडा मी वाया घालवला. छत्री ठेवली, फक्त लाल केली. दोन तुऱ्यांचे तीन केले. शेपटीला काटे. पाठीवर पट्टे. कागदावर अकरा चित्रं काढली. भाचीनं सगळी जमिनीवर मांडली, कंबरेवर हात ठेवून बघितली.

"वेषांतर केलंय फक्त. ओळखू येतोय की."

मी चिडलो. म्हटलं मग तू काढ. ती म्हणाली, "मला काढता येत नाही. पण मला सांग, हा खातो काय?"

मला माहीत नव्हतं. अकरा चित्रं काढली आणि तो खातो काय हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

तिथून खरं काम सुरू झालं. आधी पत्ता ठरवला. अध्यक्षाचा आग्रह होता की डायनासोर कोल्हापूरचाच पाहिजे. "आपल्या मातीत सापडलाय का एखादा?" नाही सापडला, आणि का नाही ते सोपं आहे. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीतून उसळलेला लाव्हा थरांवर थर थंड होऊन झालेला. त्या कातळात हाडं कुठली टिकणार? महाराष्ट्रात सापडलेत ते तिकडं चंद्रपूर जिल्ह्यात, लाव्हाखालच्या गाळाच्या थरांत. डोंगरगावला लांब मानेचा इसिसॉरस निघाला, आणि गंमत म्हणजे त्याचं नाव इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून आहे. एवढं अवाढव्य जनावर आणि नाव संख्याशास्त्राच्या संस्थेचं. गुजरातेत राजासॉरस. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर बरेच.

पण लाव्हा रोज येत नव्हता, हे भाचीनं सांगितलं तेव्हा माझं डोकं चाललं. एक थर आला, थंड झाला, मग मध्ये मोठा खंड. तेवढ्यात खळग्यात पाणी साचायचं, तळी व्हायची, झाडं यायची. पुन्हा लाव्हा. त्या मधल्या तळ्यांच्या गाळात आजही गोगलगायींचे शंख सापडतात, फायसा म्हणतात त्यांना. दगडात रुतलेले, बोटाच्या पेराएवढे.

गोगलगायी! म्हणजे खायला मिळालं.

आमचा प्राणी दोन लाव्हांच्या मधला. नुकत्याच थंड झालेल्या काळ्या कातळावर, तळ्याच्या काठानं, भेगांमधून गोगलगायी वेचणारा. कुळ शोधलं तेही बारा सिमलातलंच. लेव्हिसुकस म्हणून एक लहानसा डायनासोर तिथं सापडला, १९३३ साली नाव दिलं, तेव्हा हातात आले ते मोजके मणके. डोकं नाही, दात नाहीत. कलाकाराला याहून चांगली बातमी नाही. पण त्याच कुळातला एक मादागास्करला सापडलाय आणि त्याचे पुढचे दात चक्क बाहेर, आडवे आलेले. मादागास्कर आणि आपण एकेकाळी चिकटून होतो, म्हणजे भाऊबंदच. ते दात मी घेतले. आडव्या दातांनी भेगेतली गोगलगाय ओढायची, मागच्या दातांनी फोडायची.

चेहऱ्याचा शाडूचा नमुना बघून अध्यक्ष म्हणाला, "दादा, ह्येचे दात पुढं आल्यात. क्लिपा लावून घ्या."

आता छत्रीचं काय? हा सगळ्यात अवघड भाग, कारण मंडळाला छत्रीच हवी होती आणि मला छत्री काढायचीच होती. उत्तर माझ्या मोबाईलमध्ये पडून होतं. दोन मे-महिन्यांपूर्वी भाचीच्या प्रोजेक्टसाठी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर गेलो होतो. वर पवनचक्क्या, त्यांचा तो घुप् घुप् आवाज, खाली तापलेला जांभा, सावलीला झुडूप नाही. ती दुर्बिणीतून बघत होती, मी कंटाळलो होतो. आणि दोन हातांवर एका दगडावर एक सरडा चढला. शेपूट सोडली तर माझ्या बोटाएवढा, मातकट, बघण्यासारखं काही नाही. त्यानं पुढचे पाय ताठ केले, मान वर केली आणि गळ्याखाली एक पंखा उघडला. निळा. असा निळा की मी मागं सरकलो. निळ्याच्या मागं काळा, त्याच्यामागं नारिंगी. उघडला, मिटला, उघडला. अर्ध्या मिनिटानं दगडावरून उतरला आणि पुन्हा माती झाला.

शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये या सरड्यांना जे नाव दिलं, ते आपल्याच भाषेतलं, 'सरडा'. लॅटिन नावांच्या रांगेत सरळ सरडा म्हणून उभा आहे तो. चाळकेवाडीवाला सरडा सुपर्बा. आणि भाचीनं नंतर सांगितलं की हा आणि तो ऑस्ट्रेलियाचा छत्रीवाला एकाच कुळातले आहेत. दोघांचीही कातडी उघडते ती जिभेखालच्या हाडाच्या काडीनं. एकाची गळ्याभोवती, दुसऱ्याची गळ्याखाली. सिनेमावाल्यांनी लांबचा चुलता गाठला, आपला घरचाच होता.

मग छत्री गेली आणि पंखा आला. तुरेही गेले. पंखा असताना डोक्यावर दोन तुरे कशाला, एका अंगावर किती दागिने घालायचे! कपाळावर नुसता एक खडबडीत उंचवटा ठेवला. पिसं लावू का विचारलं तर भाची म्हणाली, यांच्या जवळच्या कुळातल्या अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसच्या कातडीचे ठसे मिळालेत, खवलेच आहेत, तू खवले कर. खवले केले. लांबी सहा फूट, उंची कमरेला लागेल एवढी.

सांगाडा आठ एमएमच्या सळीचा, वर कोंबडीची जाळी, काथ्या आणि पीओपी. डोकं फायबरचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, देखाव्याचं काम करणाऱ्या कुणालाही येतं. पंख्यानं मात्र तीन आठवडे खाल्ले.

आधी छत्रीची काडी लावली. ताठ. उघडली की खटकन् आवाज, जिवंत काही वाटेना. मग सायकलची तार. ती वाकायची आणि वाकडीच राहायची. शेवटी आकाशकंदिलाची बांबूची कामटी. ती तासून तासून शेंड्याकडं काडेपेटीच्या काडीएवढी बारीक केली, बुडाला जाड ठेवली. सायकलच्या ब्रेकची केबल तिच्या बुडाला बांधली, केबलचं दुसरं टोक ट्रकच्या वायपर मोटरला. मोटर फिरली की केबल ओढली जाते, कामटी हनुवटीखालून पुढं येते, शेंड्याकडं हलकीशी थरथरते, आणि सुटली की स्वतःच्या लवचिकपणानं मागं. ते थरथरणं महत्त्वाचं होतं. ते मी मुद्दाम केलेलं नाही, बांबूनं दिलं.

आता कापड. छत्रीचं कापड लावलं, मेलेलं दिसलं. निळा रंग मारला, तर प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसला. सरड्याचा निळा हा रंगासारखा नसतोच, तो हलतो. दोन दिवस नुसता डबा उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी बायको महाद्वार रोडवरून खण घेऊन आली, ओटीसाठी. इरकली खण, ताणा निळा आणि बाणा काळा. तिनं पिशवीतून काढून झटकला आणि ट्यूबच्या उजेडात तो निळ्याचा काळा आणि काळ्याचा निळा झाला. धूपछाव! मी तिच्या हातातून ओढूनच घेतला. देवीच्या ओटीचा खण डायनासोरच्या गळ्याला, म्हणून तिनं दोन दिवस ऐकवलं. मग स्वतःच बसली. कारण खण नुसता ताणून लावला की पावसाच्या दमट हवेत जड व्हायचा आणि पंखा अर्ध्यातच अडकायचा. तिनं बघितलं, म्हणाली, "ताणताय कशाला? निऱ्या घाला." आणि अर्धा-अर्धा इंचाच्या निऱ्या घालून, टोकाला टीप मारून दिली. त्यानंतर पंखा एकदाही अडकला नाही. सरड्याच्या गळ्याची कातडीही मिटलेली असताना अशीच घड्यांत असते, हे नंतर फोटो मोठा करून बघितलं तेव्हा दिसलं.

अंग काळं केलं, कातळासारखं. पण नुसतं काळं उजेडात खड्डा दिसतं. म्हणून त्यावर दगडफुलाचे डाग. मसाल्यात घालतो ते दगडफूलच, राखाडी-हिरवट, कडेला फाटलेलं. मसाल्याच्या डब्यातलं मूठभर समोर ठेवून स्पंजानं टिपत गेलो. शेडला आठवडाभर कांदा-लसूण मसाल्याचा वास होता.

राहिला फवारा. गुलाबपाण्यावर मंडळ अडून बसलं. पोरं म्हणाली, थुंकला नाही तर पब्लिक थांबणार नाही. खरंय, मी पण थांबलो नसतो. रात्री उसाच्या गाड्यावर रस पीत उभा होतो आणि बाजूला एक म्हातारा कांडं सोलून खात होता. चावायचा, चोखायचा, आणि चोथा थू करून बाजूला. तिथंच सुटलं. आमचा प्राणी थुंकतो, पण विष नाही. गोगलगाय फोडून खातो आणि शंखाचे तुकडे थुंकतो. बस! कागदाच्या लगद्याचे शंख केले, हजारभर, आणि तोंडात एक छोटा ब्लोअर बसवला. पोरं खूश. पुढं दहा दिवस गल्लीतली लहान पोरं ते शंख वेचून खिशात भरत होती.

मी आणि भाचीनं नाव ठेवलं होतं कातळवेच्या. कातळावरून वेचून खाणारा म्हणून. मंडळानं बोर्ड लावला 'कोल्हासॉरस'. मी पहिल्यांदा वैतागलो. मग वाटलं, बरोबर आहे त्यांचं. या गावाला नावच कोल्हासुरावरून पडलं असं सांगतात, आणि अंबाबाईनं मारल्यावरही नाव त्याचंच राहिलं. ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतो आपण, तो कोहळा म्हणजेही कोल्हासुरच. असुराला एवढं निभावून नेणाऱ्या गावात एक सॉरस सहज खपतो.

बाकी मनासारखं झालं असं नाही. मला मागं फक्त वाऱ्याचा आवाज आणि शंख फुटल्याचा कट् एवढंच हवं होतं. त्यांनी सिंहाची डरकाळी लावली, धूर सोडला, लेझर फिरवला. काळ्या अंगावरचं दगडफूल धुरात कुणालाच दिसलं नाही. मांडवाच्या दिवशी ब्लोअरची वायर भिजून तासभर अंधार झाला तो वेगळाच. आणि ठरलेल्यातले नऊ हजार अजून यायचे आहेत. हे वाचत असाल तर बघा जरा.

पण पाचव्या दिवशीचं सांगायचंय. रात्री अकराच्या पुढं गर्दी पातळ झाली होती, पोरांनी धूर बंद केला होता, डरकाळीवाला जेवायला गेला होता. मी वायपर मोटरला तेल द्यायला मांडवात मागं होतो. एक आजोबा आले. धोतर, पटका, हातात छत्री, खेड्याकडून नातवाकडं आलेले असावेत. बराच वेळ उभे. पंखा उघडला, मिटला. पुन्हा उघडला. ते खाली वाकून गळ्याकडं बघू लागले.

"ह्ये सरडं हाय न्हवं?"

मी पुढं आलो. म्हटलं, आजोबा, ओळखलंत?

"वळखणार न्हाई? उन्हाळ्यात डोंगराला गुरं न्यायचो तवा दगडावर बसून आसंच करायचं. निळं. पर ल्हान आसतंय ते." त्यांनी शेपटीपर्यंत नजर फिरवली. "ह्ये वाढलंय जरा."

मी म्हटलं, जरा वाढवलंय.

तेवढ्यात ब्लोअर सुरू झाला आणि दोन शंख त्यांच्या चपलेपाशी येऊन पडले. त्यांनी एक उचलला, बोटानं दाबून बघितला.

"गोगलगाई खातंय व्हय?"

"होय आजोबा. तेवढ्याच खातो."

त्यांनी शंख खिशात टाकला आणि छत्री काखेत धरली.

"मग गणपती झाला की आमच्याकडं द्या लावून. सोयाबीन सगळं खाल्लंय बघा त्यांनी."